मु. पो. एरेनहोट, तालुका तोच

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक नको. आखातात वाढलेल्या मराठी मुलांना दर वर्षी स्टेजवर उभं करून 'माझं गाव' या विषयावर बोलायला लावणं हा सामुदायिक खोटेपणा आहे. मी स्वतः तो केलाय. नऊ वर्षांची होते, दुबईतल्या ऊद मेथातल्या एका शाळेचा हॉल होता, अंगावर टोचणारी नऊवारी होती आणि बाबांनी लिहून दिलेलं मी घडाघडा म्हणून दाखवलं होतं. 'आमच्या गावाला निसर्गाचं वरदान लाभलं आहे.' त्या गावाला मी तोवर दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा मला जुलाब झाले होते. वरदानाबद्दल माझी माहिती एवढीच.

तो कार्यक्रम अजून चालू आहे. दर शनिवारी तिथे पालकांनी चालवलेला मराठी वर्ग भरतो आणि मे महिन्यात, सुट्टी लागायच्या आधी, प्रत्येक मुलाला गावावर बोलायला पाच मिनिटं मिळतात. त्याआधी एक फॉर्म भरायचा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य. खाली तीन चौकोन: भूगोल, इतिहास, प्रशासन. वर्गाच्या सचिव काकांनी हा फॉर्म बनवला आहे. काका इकडे यायच्या आधी तहसील कचेरीत कारकून होते. वाळवंटात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी कचेरी काही त्यांच्या हातातून सुटलेली नाही. मुलं फॉर्मवर तालुक्यापुढे 'Maharashtra' लिहून आणतात. काका तो लाल पेनाने खोडतात आणि परत पाठवतात.

मी पदवीसाठी पुण्याला गेले तेव्हा एका विद्यार्थी गटात पत्रकं लिहायला शिकले. मेसच्या दरांवर, हॉस्टेलच्या वेळांवर, ग्रंथालयातल्या पंख्यांवर. एका पानात राग, मागणी आणि उद्गारचिन्ह बसवायची कला मला येते, आणि ती कला आहे हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन. पण शिकून परत आले आणि रास अल खोरमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात चिकटले. इथे पत्रकं कुणी वाटत नाही. मी रोज अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीतून दुबईला जाते आणि येते, शंभरावर किलोमीटर एका दिशेला. त्यावर माझ्या डोक्यात एक पत्रक तयार आहे, ते डोक्यातच आहे. मग शनिवारी मी वर्गात शिकवते. बाबा गाडी चालवतात, मी पुढे बसते, आणि गेल्या वर्षापर्यंत मागच्या सीटवर, पट्टा लावून, पाण्याची बाटली मांडीत धरून, ती.

ती म्हणजे आमच्या शेजारच्या दारातली मुलगी. आमचा व्हिला कापून पाच घरं केलेली आहेत. अंगण एक आणि त्यात दारं दोन, आमचं आणि त्यांचं. तिची आई जवळच्या मुसफ्फातल्या एका चिनी ट्रेडिंग कंपनीत कस्टम्सचे पेपर बघायची. वडील जहाजावर असतात. मुलगी दीड वर्षांची होती तेव्हापासून दिवसभर माझ्या आईकडे. आमच्या घरातला तिचा पहिला शब्द 'नको' होता आणि तो तिने दोडक्याच्या भाजीला उद्देशून वापरला होता. गेल्या वर्षी ती दहा वर्षांची होती. माझ्या आईला काकू म्हणायची, मला ताई म्हणायची, वरणात लिंबू कमी पडलं तर सांगायची.

वर्गात अशी गंमत व्हायची की मी मराठीत विचारायचे, 'काल काय जेवलात?' आणि जोशी-पाटील-कुलकर्ण्यांची सगळी पोरं म्हणायची, 'Miss, pasta.' ही एकटी म्हणायची, 'मेथीची भाजी, पण काकूंनी जरा करपवली.'

तिने गेल्या वर्षी जानेवारीत फॉर्म मागितला. आधीची तीन वर्षं ती नुसती मागच्या रांगेत बसून ऐकायची. पण तिच्या आईची बदली ठरली होती. शाळा संपली की जूनअखेर दोघी कायमच्या परत जाणार होत्या. हे मला तिने गाडीत सांगितलं, शेख झायद रोडवर, कुठल्याशा एक्झिटपाशी.

'ताई, या वेळी मी बोलणार. नंतर मी नसणार ना.'

'कशावर बोलशील?'

'अगं, गावावर. मला गाव आहे की.'

बाबांनी आरशातून मागे पाहिलं. 'आहे तर. कुठलं गं?'

'एरेनहोट.'

बाबांनी मान डोलावली. नकाशावर कुठे असेल याचा त्यांना पत्ता नव्हता, मलाही नव्हता. घरी येऊन पाहिलं. चीनच्या उत्तरेला, इनर मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात, अगदी सीमारेषेला टेकलेला एक ठिपका. पलीकडे मंगोलिया देश.

तिने फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. मुक्काम: एरेनहोट. पोस्ट: एरेनहोट. तालुका, जिल्हा, राज्य: काही नाही. पुढच्या शनिवारी काकांकडून तो परत आला. वर लाल शाईत दोन शब्द. 'अपूर्ण. परत.'

तिने फॉर्मची घडी घालून दप्तरात ठेवली. आम्ही परतताना नेहमीप्रमाणे रास अल खोरच्या मंडईत थांबलो. बाबा कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होते, मलबारी विक्रेता 'यल्ला, यल्ला, फ्रेश' म्हणून ओरडत होता, आणि ती एका खोक्यावर बसून बुटाचं वेल्क्रो उघडबंद करत होती. खर्र, खर्र. मग म्हणाली, 'माझं गाव चालत नाही वाटतं.'

माझं डोकं फिरलं.

मी गाडीतच लिहायला घेतलं. हात जणू वाटच बघत होते. 'एका दहा वर्षांच्या मुलीचं गाव नाकारलं जातं! का? ते नकाशावर आपल्या बाजूला नाही म्हणून? जी मुलगी तुमच्या मुलांपेक्षा चांगलं मराठी बोलते, तिला पाच मिनिटं नाहीत? आपण स्वतः परक्या देशात राहून दुसऱ्याला परकं म्हणणार? आम्ही विचारतो: गाव म्हणजे काय?' आम्ही म्हणजे मीच होते, पण पत्रकात आम्ही लिहायचं असतं. सौदीच्या सीमेवरच्या घुवैफातकडे जाणारे ट्रक शेजारून जात होते आणि मी उद्गारचिन्हं मोजून टाकत होते. घरी पोचायच्या आत ते वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिची आई आमच्या दारात उभी राहिली. हातात फोन, पायात घरच्या चपला. कुणीतरी तिला ते पुढे पाठवलं होतं आणि फोनने त्याचं जमेल तसं चिनी केलं होतं. तिचं हिंदी दुकानांच्या काउंटरवर शिकलेलं, छोटं आणि सरळ.

'दीदी, ये डिलीट करो.'

'तुमचं नाव नाही त्यात,' मी म्हणाले. मग हिंदीत म्हणाले.

'नाम नहीं है. लेकिन चाइनीज़ लड़की उधर कितना है? एक.' तिने एक बोट वर केलं. 'कंपनी का पेपर चल रहा है. वीज़ा, एंड ऑफ सर्विस का पैसा, सब. अभी झगड़ा नहीं. बाद में भी झगड़ा नहीं.'

'पर ये इनजस्टिस है.'

'क्या है?'

'अन्याय,' माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली. 'तिला सगळीकडे तेच दिसतं. बस तू, चहा घे.'

मी डिलीट केलं. तोवर निम्म्या ग्रुपने वाचलं होतं. एकाने हात जोडलेले पाठवले होते. ते माझ्या बाजूने होते की विरुद्ध, मला आजही माहीत नाही.

तिची आई बसली. चहा घेतला, शेव खाल्ली. मग म्हणाली, 'फॉर्म किधर है?' मुलीने दप्तरातून काढून दिला. तिने तो वरपासून खालपर्यंत बघितला, आमची लिपी येत नसतानाही बघितला, जसे कागदांचे लोक बघतात तसा. आणि रिकाम्या जागांवर नख ठेवलं. एक, दोन, तीन.

'ये खाली है.'

'हाँ, पर...'

'खाली है तो वापस करेगा ना.' ती हसली. 'मैं भी वापस करती. दीदी, मैं बॉर्डर का है. मेरे टाउन में एक कॉलम खाली, पूरा ट्रक वापस. ट्रकवाला रोता है, हम बोलते हैं, रोओ मत, लिखो.'

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पत्रक लिहिणाऱ्याला रिकामी जागा दिसली की त्यात शत्रू दिसतो, रिकामी जागा दिसत नाही. मी काकांना विचारलंसुद्धा नव्हतं.

मग जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सरकवून आम्ही चौघी फॉर्म भरायला बसलो. 'तालुका मतलब?' तिने विचारलं. माझी आई समजावू लागली. गाव, मग गावांचा मिळून तालुका, तालुक्यांचा मिळून जिल्हा. तिने फॉर्म उलटा केला आणि पाठीमागे चौकोन काढले, एकात एक. सर्वांत बाहेर इनर मंगोलिया, स्वायत्त प्रदेश, म्हणजे आपलं राज्य. त्याच्या आत शिलिन्गोल नावाची लीग. ही जुनी मंगोल रचना. टोळ्या एकत्र जमायच्या त्याला लीग म्हणायचे, आता तो जिल्हा झालाय. लीगच्या आत जे तालुके, त्यांना तिकडे निशाण म्हणतात. झेंडा. ज्याचा झेंडा तिथे, तो मुलूख त्याचा.

'मग एरेनहोट कुठल्या निशाणात?' मी विचारलं.

'पहले एक निशाण के अंदर था. फिर ट्रेन आया.' एकोणीसशे पन्नासच्या दशकात बीजिंगहून मंगोलियाकडे रेल्वे निघाली आणि वाळवंटात शेवटचं स्टेशन तिथे पडलं. त्याआधी काय होतं? मिठाचं सरोवर होतं, उंटांचे तांडे जायचे, चहा लादलेले. सरोवराच्या आसपास डायनासोरची हाडं. रेल्वे आली, मग वस्ती, मग कस्टम्स, मग जागा निशाणातून कापून वेगळं शहर केलं. 'सिटी है, लेकिन छोटा सिटी. निशाण के बराबर.'

'म्हणजे स्वतःच गाव आणि स्वतःच तालुका,' आई म्हणाली.

मुलीने पेन उचललं. तालुक्यापुढे लिहिलं: 'तोच.' जिल्हा: शिलिन्गोल. राज्य: इनर मंगोलिया.

'कागज पर लीग के नीचे,' तिची आई म्हणाली, 'लेकिन बहुत काम सीधा ऊपर जाता है.'

'हे पण लिहू?' मुलीने विचारलं.

'लिही,' मी म्हणाले. 'काकांना आवडेल.' हे मी उपरोधाने म्हटलं होतं.

पुढच्या शनिवारी मी वर्गात जरा उशिरानेच शिरले. काका टेबलापाशी होते, समोर फॉर्मचा गठ्ठा. मला पाहून त्यांनी चष्मा काढला.

'या. नेत्या आल्या.'

'काका, सॉरी. मी आधी विचारायला हवं होतं.'

'विचारलं असतंस तर तुला लिहायला काय उरलं असतं?' ते म्हणाले. त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं. मला आणखी वेगळं काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तिने त्यांच्या हातात फॉर्म दिला.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. तालुक्यापाशी थांबले. लाल पेन वर गेलं. आणि तिथेच राहिलं.

'तोच म्हणजे?'

'म्हणजे आमचं गाव तालुक्यात नाही, काका. ते तालुक्याएवढंच आहे.'

'नगरपालिका आहे का?'

'शहर आहे. पण छोटं शहर. जिल्ह्याच्या खाली, निशाणाच्या बरोबर.'

'कशाच्या बरोबर?'

तिने कागद उलटा करून चौकोन दाखवले. काका खुर्चीत पुढे सरकले. निशाण म्हणजे तालुका हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. 'म्हणजे जरीपटक्यासारखं!' ते म्हणाले. 'म्हणजे हद्द ठरली ती झेंड्यावरून! आणि तहसीलदार कोण मग? निशाणाला वेगळा अधिकारी आणि शहराला वेगळा? आणि दोघांत सीनियर कोण?'

'ते आईला विचारून सांगते.'

'विचार. लिहून आण. आणि हे काय, कागदावर जिल्ह्याखाली पण काम थेट वर?' ते माझ्याकडे वळले, राग विसरून. 'बघ. सगळीकडे असंच असतं. आमच्याकडे एक गाव होतं, महसूल एका तालुक्यात, पोलीस दुसऱ्यात. भांडण झालं की माणसं नाला ओलांडून पळायची.'

बाजूला एका मुलाची आई उभी होती. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असणारी, आणि खरं सांगायचं तर वर्गासाठी दर वर्षी प्रिंटरची शाई ऑफिसमधून मिळवून देणारी. ती म्हणाली, 'काका, no offence, पण आपल्याच मुलांना वेळ पुरत नाही. त्यात आता चायना?'

माझ्या डोक्यात पत्रकाचं पहिलं वाक्य तयार झालं. पण काका आधी बोलले.

'तुमच्या चिरंजीवांच्या फॉर्मवर तालुका पुणे लिहिलंय.'

'हो, पुणेच आहे.'

'पुणे शहर की हवेली?'

चिरंजीव म्हणाले, 'Mumma, what's Haveli?'

'सोमवारपर्यंत कळवा,' काका म्हणाले आणि एरेनहोटच्या फॉर्मवर, कोपऱ्यात, लाल शाईने लिहिलं: 'पूर्ण.'

आता भाषण. मी ते लिहून दिलं, कारण मला राहवलं नाही. सीमा माणसांनी आखल्या, वाऱ्याला पासपोर्ट लागत नाही, वगैरे. दीड पान. तिने आमच्या अंगणात, दोन दारांमधल्या पायरीवर बसून ते वाचलं. शांतपणे वाचलं.

'छान आहे,' ती म्हणाली.

'पण?'

'ताई, यात माझं गावच नाही.'

नव्हतं खरं. गाव तिच्याकडे होतं. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात ती तिथे आजोबांकडे जाते. आजोबा रेल्वेच्या शेडमध्ये होते, आता रिटायर. ती सांगत गेली आणि मी पहिल्यांदा नुसती लिहून घेत गेले. मंगोलियाची रेल्वे रुंद आहे आणि चीनची अरुंद, त्यामुळे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जात नाही. म्हणून एरेनहोटच्या शेडमध्ये एकेक डबा माणसांसकट उचलतात, खालची चाकं काढून घेतात आणि दुसरी बसवतात. लोक आत बसून चहा पितात. 'गाडीला बूट बदलतात,' तिने सांगितलं. 'आजोबा म्हणतात, त्यांनी जेवढ्या गाड्यांना बूट घातले तेवढे मला पण घातले नाहीत.' दुकानांच्या पाट्या तीन लिप्यांत. चिनी आडवी, जुनी मंगोल उभी, आणि पलीकडच्या गिऱ्हाइकांसाठी रशियन अक्षरं. पलीकडून जीपा येतात आणि भरून जातात. आधी गाद्या आणि रजया, मग टाइल्स, मग पिठाची पोती, आणि माणसं सगळ्यांत शेवटी, उरलेल्या जागेत.

'आणि डायनासोर,' ती म्हणाली. 'गावाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दोन मोठे डायनासोर आहेत. खोटे. त्यांच्या माना रस्त्याच्या वर येतात आणि ते पापी घेतात.'

माझी आई वाळलेले कपडे काढत होती. 'भेट घेतात म्हण गं. स्टेजवर सगळे असतात.'

'काकू, भेट नाही. पापी.'

'गळाभेट?'

'त्यांना हात नाही पोचत, काकू.'

आईने विषय सोडला. मी विचारलं, 'एरेनहोट म्हणजे काय?' तिने आपल्या दारात डोकं घालून चिनी भाषेत विचारलं, आतून उत्तर आलं. 'ठिपक्याठिपक्यांचं शहर. म्हणजे रंगीबेरंगी. सरोवरामुळे.' मग म्हणाली, 'ताई, मी तिथे गेले की सगळे म्हणतात, ही दुबईची. मी म्हणते अबू धाबीची. त्यांना फरक कळत नाही.'

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आमच्या आधी सात गावं झाली. सातही गावांना निसर्गाचं वरदान लाभलं होतं. तिची आई मागच्या ओळीत बसली होती, अर्धा दिवस सुट्टी काढून, माझ्या आईची पैठणी खांद्यावर शालीसारखी घेऊन, कारण नेसायला वेळ झाला नव्हता. एकही शब्द कळणार नव्हता तिला. मला भीती वाटत होती. त्या डिलीट केलेल्या पत्रकानंतर सगळ्यांचे डोळे मुलीवर असणार होते आणि ते माझ्यामुळे.

ती माइकपाशी गेली. माइक उंच होता, तिने स्वतःच खाली ओढला.

'नमस्कार. मुक्काम पोस्ट एरेनहोट, तालुका तोच, जिल्हा शिलिन्गोल. आमच्या गावाला निसर्गाचं वरदान अजिबात लाभलेलं नाही.'

काका पहिल्या रांगेत असे हसले की त्यांच्या गळ्यातला आयोजकाचा पास पुढे उडाला. मग सगळेच.

'तिथे वाळू आहे आणि वारा आहे. झाडं लावली आहेत ती पाणी घालून जगवतात. इथल्यासारखीच. थंडीत पापण्यांवर बर्फ जमतो, ते मात्र इथल्यासारखं नाही.' मग बूट, जीपा, गाद्या, पाट्या. निशाण सांगताना तिने हाताने झेंडा फडकवून दाखवला. डायनासोरपाशी तिने माझ्या आईकडे पाहिलं, आणि ठणकावून पापी म्हणाली. बँकवाल्या बाईंचे चिरंजीव शिट्टी मारायला गेले आणि बाईंनी त्यांचा हात धरला, पण हसत होत्या त्याही.

पाच मिनिटांवर पावणेदोन मिनिटं झाली. काकांनी घंटा वाजवली नाही.

शेवटी काका प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारतात. तो त्यांचा नेम आहे. 'तुमच्या गावाला जायचं कसं?' कुठल्या स्टँडवर उतरायचं, कुठला फाटा, पुढे चालत किती. सातही मुलांनी सांगितलं होतं: फ्लाइट टू पुणे, देन उबर.

'तुमच्या गावाला जायचं कसं?' काकांनी विचारलं.

'अबू धाबीहून बीजिंगला विमान,' ती म्हणाली. 'मग गाडी, उत्तरेला जाणारी. बसून कंटाळा येतो, मग झोपायचं, मग परत बसून कंटाळा येतो. खिडकीतून काहीच दिसेनासं झालं की समजायचं, जवळ आलं. मग स्टेशन. तिथे उतरायचं नक्की. उतरला नाहीत तर ते चाकं बदलतील आणि तुम्ही मंगोलियात जाल.' मग ती जरा घुटमळली. 'आणि आमच्याकडेच उतरा हं. हॉटेलात नको.'

हे शेवटचं तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. हे माझ्या आईचं वाक्य, फोनवर प्रत्येकाला म्हणायचं.

टाळ्या थांबल्यावर काका खाली बसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

'आणि तिकडून परत इकडे यायचं कसं?'

तिने विचार केला. खरंच विचार केला, डोळे वर करून, जसा गणिताला करते.

'तेच. उलटं,' ती म्हणाली. 'आणि येताना चाकं बदलायला लागत नाहीत, काका. आमचं गाव चाकांच्या अलीकडे आहे.'

मागच्या ओळीत तिच्या आईने माझ्या आईचा हात धरून विचारलं, 'क्या बोला?' आईने सांगायचा प्रयत्न केला. हिंदी पुरलं नाही. मग नुसतीच मान हलवली, आणि पैठणीचा पदर तिच्या खांद्यावर नीट केला.

जूनच्या शेवटी त्या गेल्या. फॉर्म तिने प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून नेला, लाल 'पूर्ण'सकट. दोन दारांमधली पायरी आता रिकामी असते. पलीकडे एक केरळी जोडपं आलंय, चांगलं आहे, त्यांना मूल नाही. आई अजून दुपारी वरणात लिंबू पिळताना थांबते आणि चव घेऊन कुणाला तरी विचारायला वळते.

माझं मत बदललेलं नाही, कार्यक्रम हा खोटेपणाच आहे. म्हणून या वर्षी शिक्षकांनीही बोलायचं ठरल्यावर मी खरा फॉर्म भरला. मुक्काम पोस्ट मोहम्मद बिन झायद सिटी. मी इथेच वाढले, इथल्याच मातीत, म्हणजे वाळूत, पडून गुडघे फोडले. मला गाव आहे की. तालुका रिकामा ठेवला, मुद्दाम, विधान म्हणून.

शनिवारी फॉर्म परत आला. लाल शाई. 'अपूर्ण. परत.'

मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली तीन उद्गारचिन्हं. काही तासांनी तिचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, मागे रेल्वेची शिट्टी आणि कुणा म्हाताऱ्याचं खोकणं.

'ताई, भांडू नकोस हं. रिकामी जागा आहे ना, मग काकांनाच विचार. सांगतील ते.'

विचारलं. काकांनी खुर्ची पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि एकात एक चौकोन काढायला लागले.